आक्काच्या दांडीवरची तार

मार्तंडदादांनी संक्रांतीनंतर परभणीहून निवडून आणलेली रेडिओची एरियल पोळपाटाएवढी होती. लाकडी चौकट, तिला गुंडाळलेली तांब्याची तार आणि मागे खुंटीला अडकवायची कडी, एवढाच तिचा संसार. दुकानदाराने दोन तऱ्हा दाखवल्या होत्या. दुसरी म्हणजे नुसती लांबलचक उघडी तार, घरावरून उंच ताणायची. दादांनी चौकट पसंत केली. घरातल्या घरात राहते, गल्लीच्या डोळ्यांवर येत नाही, विजेची भीती नाही, अशी कारणं त्यांनी दिली. वकिलाकडे मुनशी म्हणून उभी हयात घालवलेला माणूस तो, कारणांना त्यांच्याकडे कधी तोटा नसायचा.

त्या चौकटीवर हैदराबाद झकास लागायचं. औरंगाबाद मात्र घोंगडीत तोंड खुपसून कुणीतरी बोलतंय, असं ऐकू यायचं. आणि घराला हवं होतं ते औरंगाबादच.

संक्रांतीला माहेरी आलेली सुधा, दादांची लेक, जाता जाता सांगून गेली होती. माघातल्या शेवटच्या शुक्रवारी, दिवेलागणीला, तिथल्या बायकांच्या कार्यक्रमात ती ओव्या म्हणणार होती. ओव्या कुणाच्या, तर आक्काच्या. आक्का म्हणजे गंगूताई, दादांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, उद्धवची, थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परतली, ती कायमचीच. पहाटे जात्यावर बसून तिनं आपल्या आपण ओव्या रचल्या, आणि मांडीला मांडी लावून दळायला बसणाऱ्या सुधाच्या तोंडी त्या बसल्या. रेडिओवर आधी रचणारीचं नाव सांगतात म्हणे.

“काहून ग बाई हे नसते उद्योग,” आक्का तेव्हा म्हणाली होती. त्या दिवसापासून आज वार कोणता, हे ती रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा विचारत होती.

शुक्रवार उजाडला तेव्हा उद्धव तारेचं वेटोळं खांद्याला अडकवून ओसरीत उभा राहिला. तो जिनिंग फॅक्टरीत कारकून होता. रेडिओची बॅटरी तिथल्या इंजिनावर चार्ज करून आणणं, कान पिळून पिळून स्टेशनं शोधणं, हे सगळं त्याच्याच अंगावर पडलेलं आणि त्याला मनापासून आवडणारं काम.

“दादा, ती चौकट न्हाई चालायची. मी तार आणली हाय. आज ताणून टाकतो.”

“कशाला? हैदराबाद लागतं की बराबर.”

“हैदराबादला आपली सुधा न्हाई गाऊन राहिली.”

दादांनी टोपी डोक्यावर चढवली. “न्हाई ऐकू आली तर न्हाई आली. पोरगी गायची ती गाणारच. आपण ऐकल्यानं तिचा गळा गोड होतो का? आन् घरावर तार ताणली की सारी गल्ली विचारणार, मुनशीसाहेब, आज काय विशेष? काय सांगू? माझी लेक गाते, आन् माझ्या बहिणीचं नाव पुकारतात म्हणून सांगू?”

स्वयंपाकघराच्या दारात दादांची बायको रुक्माबाई पीठ मळलेल्या हातांनी उभी होती. लग्न होऊन आल्यापासून या दोन भावांच्या कुठल्याही वादात ती नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली होती. त्या शेवटच्या वाक्यावर तिला लख्ख कळलं की ही पोळपाटाएवढी चौकट यांनी का पसंत केली. औरंगाबाद लागू नये म्हणूनच. तिला राग आला, आणि आपल्याला राग आला याचं थोडं नवलही वाटलं.

“भावजी,” ती म्हणाली, “तार बांधायची कुठं म्हणता?”

दादांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पिठाच्या हातांकडे पाहिलं. दादा कचेरीला गेले.

“वहिनी, तुमी आज कमालच केली,” उद्धव म्हणाला.

“कमाल राहू द्या. वेळेवर न्हाई लागलं तर तुमची बी धडगत न्हाई.”

तारेला दोन उंच टोकं हवी होती. एक टोक शेजारी कमरुन्निसाच्या माडीवर मिळालं. माडीच्या बाहेर आलेल्या तुळईला तार बांधायला ती लगेच कबूल झाली, वर म्हणाली, “माझ्या घरावरून आवाज जाणार तर मलाबी दोन बोल ऐकू येऊ द्या.” दुसरं टोक आपल्या माळवदावर. तिथं सरळसोट, पक्का बांबू रोवायला हवा होता. उद्धवनं घर धुंडाळलं. शिडीचा बांबू वाकडा, मांडवाचा किडलेला. घरात एकच बांबू असा होता की पाहताच मन भरावं: माजघराच्या आढ्याला दोरांनी टांगलेली आक्काची सोवळ्याची दांडी.

आक्का स्वयंपाक सोवळ्यात करायची. तिचं आलवण, विधवेचं ते तांबडं नऊवारी लुगडं, धुऊन झालं की काठीनं उचलून त्या दांडीवर जायचं. वाळून पुन्हा तिच्या अंगावर येईपर्यंत त्याला कुणी बोट लावायचं नाही. पिळायचंही तिनं एकटीनंच. हा नियम घरातलं लेकरूसुद्धा जाणून होतं. पण आक्का देवळात गेली होती, आणि वेळ थोडा होता.

कमरुन्निसाचा मुलगा नासेर मदतीला आला होता. दोघांनी दोर सोडले, आणि दांडीवरचं आलवण अख्खंच्या अख्खं उद्धवच्या डोक्यावर पडलं.

“उद्धवभाऊ,” नासेर हळूच म्हणाला, “हे काय झालं?”

“काही न्हाई झालं. तू काही पाहिलं न्हाई.” उद्धवनं ते घाईघाईनं घडी घालून खुंटीवर ठेवलं, आणि दोघं बांबू घेऊन माळवदावर गेले.

तिथं दुसरी अडचण उभी राहिली. उघड्या तारेला बांधायच्या जागी चिनी मातीचे गट्टू लागतात, आणि ते तर दादांनी घेतलेच नव्हते. “तार कशालाच शिवली न्हाई पाहिजे,” उद्धव सांगत होता. “लाकडाला न्हाई, भिंतीला न्हाई, पडवीच्या पत्र्याला तर मुळीच न्हाई. शिवली की जेवढं हवेतून येतं तेवढं सगळं जमिनीत जिरतं.”

“म्हंजे तारेचं बी सोवळंच हाय म्हणा की,” नासेर हसला. त्याचं बांगड्यांचं दुकान होतं, गोरेगावच्या बाजारातही तो बसायचा. “काच चालते का?”

“काच पळेल.”

नासेर खाली गेला आणि जाडजूड हिरव्या काचेची कडी घेऊन आला. दोन दोन कडी सुतळीनं आवळून दोन्ही टोकांना बांधली, त्यांच्यात तार ओवली. तार दांडीपासून निघून पडवीच्या पत्र्यावरून, सामाईक भिंतीवरून, पलीकडे माडीच्या तुळईपर्यंत उन्हात चमकत गेली. दुपारी हैदराबाद लावून पाहिलं तर गाणारा जणू ओसरीत येऊन बसला. रुक्माबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आवाज कमी करायला सांगताना पहिल्यांदा मोकळी हसली.

आक्का देवळातून आली ती थेट माजघरात. आढ्याला नुसते दोर लोंबत होते. खुंटीवर आलवण होतं, चौकोनी घडी घातलेलं. पुरुषाच्या हातची घडी लपत नाही.

“उद्ध्या,” तिनं तिथूनच हाक मारली.

“आक्का, औरंगाबादसाठी घेतली ग,” उद्धव ओसरीतूनच म्हणाला. आत जायची त्याची छाती नव्हती. “उद्या देतो परत बांधून.”

औरंगाबाद म्हटल्यावर आक्काचा राग निम्मा उतरला, पण विटाळलेलं सोवळं काही त्यानं शुद्ध होत नव्हतं. तिनं न्हाणीत बसून आलवण पुन्हा धुतलं. नऊ वार ओलं कापड एकटीनं पिळायचं म्हणजे म्हातारपणी हात भरून येतात. अर्धवट पिळलेलं, पाणी गाळणारं ते ओझं बादलीत घेऊन ती वाळवायला जागा शोधत जिन्यानं माळवदावर आली.

आणि तिला आपली दांडी दिसली. उभी केली होती मेल्यांनी, पण होती तिचीच. तिच्या टोकाला तांब्याची कोरी तार बांधलेली. तांब्याची, म्हणजे देवाच्या भांड्यांचा धातू. उंच, कुणाचा हात न पोचणारी, आणि आत्ताच उद्धव ओसरीत कुणाला तरी सांगताना तिनं ऐकलं होतं की हिला कशानं शिवायचं नाही. आक्काला मनातून उद्धवचं कौतुक वाटलं. दांडी घेतली खरी, पण पोरानं बदल्यात याहून चांगली करून दिली. तिनं काठीनं आलवण उचललं आणि तारेवर टाकलं. माघातला वारा होता. त्यानं ते तारेवरून सरकवत सरकवत मधोमध नेलं. तार पोटात खचली आणि पडवीच्या पत्र्यावर टेकली. तोवर आक्का हात जोडून, पाठ वळवून, खाली निघाली होती.

दादा त्या दिवशी कचेरीतून लवकर परतले. डोकं दुखतंय, असं त्यांनी न विचारता सांगितलं. ओसरीत दोन-चार शेजारी येऊन बसले होते. रेडिओभोवती रुक्माबाई, उद्धव, नासेर. आक्का उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून वाती वळत बसली होती, जणू काही तिचा यात संबंधच नव्हता.

उद्धवनं कळ फिरवली. खर्रर्र. पुन्हा फिरवली. खर्रर्र, आणि त्या खरखरीच्या तळाशी एक बाई काहीतरी म्हणत होती. हैदराबादही दुपारच्या पाव आण्याइतकं लागेना.

“दुपारी तर बोलत होता की,” नासेर म्हणाला.

“बॅटरी?” रुक्माबाईनं विचारलं.

“बॅटरी भरलेली हाय वहिनी, सकाळीच आणली.”

दादा भिंतीला टेकून उभे होते. ‘मी म्हणालो होतो’ हे त्यांच्या जिभेवर अगदी तयार होतं. मग त्यांची नजर आक्काकडे गेली. तिच्या हातातली वात थांबली होती. इतकी वर्षं या घरात ती सगळ्यांच्या आधी उठली आणि सगळ्यांच्या नंतर जेवली, आणि तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना. आजही मागत नव्हती. फक्त वात वळायची थांबली होती. दादांना आपल्या चौकटीची लाज वाटली. ते जोडा न घालताच अंगणात गेले, मान वर केली, आणि तिथूनच ओरडले.

“उद्धव, तारेवर आलवण कोणी टाकलं?”

सगळे बाहेर आले. मावळतीच्या उजेडात ते तांबडं लुगडं झुलत होतं आणि त्याच्याखाली तार पत्र्याला चिकटून बसली होती. आक्काही आली. तिनं वर पाहिलं, मग उद्धवकडे.

“मीच टाकलं. का, काय झालं?”

“आक्का, अग त्या तारेतून तर सुधा येऊन राहिली,” उद्धव रडकुंडीला आला. “लुगड्यानं ती पत्र्यावर टेकली. सगळं जमिनीत जातंय.”

काढायचं कसं? माळवदावरून काठी पोचत नव्हती, आलवण फार पुढे गेलं होतं. पत्र्यावर माणूस चढला तर पत्र्यासकट खाली आला असता. पोचणार होती एकच जागा, पलीकडची माडी. तिथं कमरुन्निसा कंदील लावून उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं, आणि तिच्या हातात शेवग्याच्या शेंगा पाडायची लांब आकडीही होती. पण ती आकडी पुढे करत नव्हती.

कमरुन्निसाला नियम ठाऊक होता. लग्न होऊन ती शेजारी आली तेव्हापासून तिची आणि आक्काची देवाणघेवाण भिंतीवरून चालायची. विरजण असो, लोणचं असो, आजारपणातला काढा असो, एकीनं भिंतीवर ठेवायचं, हात मागे घ्यायचा, मग दुसरीनं उचलायचं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण आक्काचा जीव तिला माहीत होता. नासेरच्या गोवरात त्या भिंतीवर रात्र रात्र वाट्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या बाईचं एवढं एक सोवळं आपण आकडीनं कसं ओढायचं?

“आक्का,” ती वरून म्हणाली, “मी ओढते, पन माझा हात लागंल.”

आतून खर्रर्र चाललं होतं. रुक्माबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

आक्काची नजर आलवणावर होती. सोवळं म्हणजे तिच्या हयातीत तिच्या एकटीच्या मालकीची एकच गोष्ट. ते मोडलं तर उद्या सकाळी आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं. पण ओव्याही तिच्याच होत्या, आणि त्या कैक कोसांवरून येऊन दाराशी उभ्या होत्या.

“ओढ कमरू,” ती म्हणाली. “लवकर ओढ.”

आकडी पुढे आली. आलवण ओढलं गेलं, तार टणकन उडाली, हिरवी कडी किणकिणली, आणि घरातून सुधाचा आवाज असा आला की रुक्माबाई दारातच खाली बसली.

*कयाधूच्या पाण्या, तू रे जातोस दूरदेशी,*
*सांग माझ्या ग मायेला, लेक दळते उपाशी.*

ओसरीतले शेजारी एकमेकांकडे पाहू लागले. सुरुवातीला जे काही सांगायचं ते सांगून झालं होतं. रचणारीचं नाव खरखरीत गेलं होतं.

“गळा छान हाय,” त्यांच्यातला एकजण म्हणाला. “ओव्या कुणाच्या म्हणायच्या?”

उद्धव तोंड उघडणार तोच दादा पुढे झाले. कचेरीत पक्षकारांना हाका मारायचा त्यांचा जो आवाज होता, त्याच आवाजात ते म्हणाले, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं.

“ओव्या आमच्या आक्कानं रचलेल्या. गंगूताईनं. आन् म्हणून राहिली ती माझी लेक.”

रुक्माबाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. उद्या ती पुन्हा त्यांच्याच बाजूची होणार होती.

*भिंतीपल्याड शेजी माझी, तिचं जातं घुमे,*
*माझ्या एकटीच्या ओवीला तिचा सूर जमे.*

*शेजीबाई, तुझ्या हाती काचेचा किणकिणाट,*
*त्याच्या तालावर माझी उजाडते पहाट.*

“तिसरीत घाई केली कार्टीनं,” आक्का म्हणाली. “श्वास घे म्हणून किती सांगितलं होतं.” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि दोन्हींचं तिला भान नव्हतं.

कमरुन्निसा ओल्या आलवणाचा बोळा छातीशी धरून मागच्या अंगणात आली होती. ती भिंतीच्या पलीकडे उभी होती, नेहमीच्या जागी. गाणं संपलं, बाजा वाजायला लागला, तरी ती हलली नाही. इतकी वर्षं पहाटे ती आपलं जातं ओढायची, पलीकडे काहीतरी गुणगुणणं चाललेलं असायचं, आणि शब्द कधी नीट कानी पडले नव्हते.

आक्का भिंतीपाशी गेली.

“आक्का,” कमरुन्निसानं विचारलं, “ती शेजी म्हंजे मीच का?”

“मग कोण, तुझी म्हैस?”

“कधी बोलली न्हाईस.”

“रोज पहाटे तर बोलत होते.”

कमरुन्निसा हसली. तिच्या लुगड्याला पुढून पाणी लागलं होतं. तिनं सवयीनं आलवण भिंतीवर ठेवायला हात उचलला. मग म्हणाली, “तुला आता हे पुन्हा धुवावं लागंल. तकलीफ झाली.”

“धुवायचं काही न्हाई. धुतलेलंच हाय ते. फक्त पिळलेलं न्हाई नीट.” आक्कानं भिंतीवरून हात पलीकडे केला, आणि कमरुन्निसाच्या हातातून, तिची बोटं लागून, आलवणाचं एक टोक घेतलं. बाकीचं तिच्याकडेच राहू दिलं.

“एकटीनं हे मला कधी पिळता आलं न्हाई,” ती म्हणाली. “धर तू तिकडून घट्ट.”

दोघींनी दोन टोकं धरली, एकीनं इकडून, एकीनं तिकडून पीळ दिला, आणि भिंतीवरून दोन्ही अंगणांत पाणी गळायला लागलं.